तात्पुरतं सिमेंट

५ ऑगस्ट. संध्याकाळ.
माझं आयुष्य आज लंच ब्रेकमध्ये बदललं. नेमका क्षण सांगायचा तर, ती 'आ करा' म्हणाली तो.

झालं असं. शेंगदाणा चावताना वरच्या डाव्या बाजूला सणकन कळ गेली. सुळ्याच्या मागचा दात. ऑफिसच्या खालीच दातांचा दवाखाना आहे आणि बाहेर बोर्ड आहे, 'तपासणी मोफत'. मोफत गोष्टीला नाही म्हणणं मला उद्धटपणाचं वाटतं. गेलो. खुर्चीत आडवा झालो. दिवा डोळ्यांवर आला आणि दिव्याच्या कडेने ती आली. असिस्टंट. तोंडावर मास्क, मास्कच्या वर डोळे. डोळ्यांबद्दल वेगळी वही घ्यावी लागेल. आ करा, म्हणाली. आजवर मला अनेकांनी तोंड बंद करायला सांगितलंय. वडील, कॉलेजचा क्लार्क, टीम लीडर, झाडून सगळे. उघडायला सांगणारी ही पहिलीच.

मग डॉक्टरीणबाई आल्या. आरसा घालून बघितलं. किरकोळ कीड आहे, आजच भरून टाका, आठशे होतील, म्हणाल्या. तेवढ्यात ती मला म्हणाली, हसा बघू. मी हसलो. हसताना दिसतोय मॅडम, पांढरंच भरावं लागेल, असं ती त्यांना म्हणाली. पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा, की पहिल्याच भेटीत तिने मला हसायला सांगितलं. असं कोण कुणाला सांगतं?

खिशात तीनशे आणि पगाराला अख्खा महिना. मी म्हटलं, आता मीटिंग आहे, नंतर बघतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कीड काही मीटिंग संपायची वाट बघत नाही. खोचक बाई. दवाखान्याचं दार आपोआप लागत नाही, आतल्या बाजूला चिठ्ठी आहे, 'दार ओढून घ्या'. मी ओढून घेतलं. जरा जोरात लागलं. काच थरथरली. आमच्या घराण्यात दारं जोरातच लागतात.

६ ऑगस्ट.
संकल्प. पगार झाला की पहिला खर्च दात, दुसरा खर्च नवा शर्ट. पण शर्ट आधी घेतला तर दाताला जाताना घालता येईल. म्हणजे पहिला खर्च शर्ट. तोवर डाव्या बाजूने चावायचं नाही. सोपं आहे. तोंडाला दोन बाजू उगाच नाही दिलेल्या.

९ ऑगस्ट.
मी फोनवरून आरोग्य विमा विकतो. ओळखपत्रावर 'वेलनेस ॲडव्हायझर' लिहिलंय. घरी मी एवढंच सांगतो. ट्रेनिंगमध्ये शिकवलंय: आधी ग्राहकाचं नाव घ्यायचं, मग दोन श्वास थांबायचं, मग हसत बोलायचं. फोनवर हसू ऐकू जातं म्हणे. आणि मग स्क्रिप्टमधलं मुख्य वाक्य: सर, आजचा छोटा खर्च तुमचा उद्याचा मोठा खर्च वाचवतो. दिवसातून दीडशे वेळा म्हणतो. झोपेतही म्हणतो, असं रूम पार्टनर सांगतो.

आज एका आजोबांनी विचारलं, बाळा, तू काढलायस का रे हा विमा? मी म्हटलं, आवाज येत नाहीये सर, आणि फोन ठेवला. नेमकं टीम लीडरने ऐकलं. हा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, पण वागतो असा की कंपनी याच्या आजोबांना परसात खणताना सापडली. ग्राहकाचे प्रश्न म्हणजे संधी असते, म्हणाला. मी खुर्ची जरा जोरात सरकवली.

१४ ऑगस्ट.
दात अधूनमधून बोलतो. थंड पाण्यावर त्याचा विशेष राग आहे. मेडिकलवाला म्हणाला, गोळ्यांचं अख्खं पाकीट घ्या, स्वस्त पडतं. मी म्हटलं, दोनच द्या, संपणारच आहे दुखणं. त्याने कात्रीने दोन कापून दिल्या. परवा दोन घेतल्या. आज दोन. आता मी रस्ता ओलांडताना दिसलो की तो कात्री उचलतो.

रूम पार्टनर म्हणाला, लवंगेचं तेल लाव. (याला मी भोंगा म्हणतो. घोरतो. मोबाइलची कव्हरं विकतो.) लावलं. जीभ बधिर. दुपारभर ग्राहकांना 'थर, थर' करत होतो. तरी एक पॉलिसी खपली. त्या बाईंना वाटलं मी रडतोय.

१ सप्टेंबर.
पगार. पगाराचा दिवस हा महिन्यातला सगळ्यात अपमानाचा दिवस असतो.

खोली कॉट बेसिसवर आहे. घरमालकीण काकूंचा नियम असा, की तीन महिन्यांचं डिपॉझिट एकदम दिलं तर भाडं महिन्याने आणि कमी. डिपॉझिट नसेल तर आठवड्याने आणि जास्त. आमच्याकडे एकदम असं काहीच नसतं, म्हणून आम्ही आठवड्याने देतो. भोंग्याने मोबाइलवर हिशोब करून दाखवला, वर्षात दोन महिन्यांचं भाडं जास्तीचं जातं. मी म्हटलं, अरे, तूपण तसंच देतोस की. हो ना, म्हणाला. मग दोघंही पंख्याकडे बघत बसलो.

भाडं, डबा, भोंग्याची उसनवारी, रिचार्ज. (महिन्याचं रिचार्ज स्वस्त पडतं. मी आठवड्याचं मारतो.) हातात उरले सातशे. भरणं आठशे. शंभरासाठी अडलं, असं कुणी म्हणेल. चूक. मी विचार करून नकार दिलाय. डाळीएवढं सिमेंट आणि आठशे! या दराने लोक घरं बांधायला लागले तर जंगलात राहावं लागेल. शर्ट घेतला. चारशेचा. मरून.

३ सप्टेंबर.
दर्शन! चहाच्या गाडीपाशी, मैत्रिणीबरोबर. मास्क नव्हता. मैत्रीण काहीतरी बोलली आणि ती हसली. हसताना पटकन तोंडावर हात गेला. लाजते! आजकाल अशा मुली राहिल्यात कुठे. मी नवा शर्ट घालून समोरच्या बाजूला विजेच्या खांबाला टेकून उभा होतो. तिने ओळखलं. तिथूनच विचारलं, भरला का हो दात? मी म्हटलं, सेकंड ओपिनियन घेतोय. घ्या, पण लवकर, म्हणाली.

लवकर! म्हणजे तिलाही थांबवत नाहीये.

खांबाला ताजा रंग होता.

५ सप्टेंबर.
पाठीवरचा रंग जावा म्हणून शर्ट भिजवला. रंग खांबाचा गेला नाही, शर्टाचा गेला. त्याच बादलीत भोंग्याचा टॉवेल होता. भोंगा म्हणतो, गुलाबी टॉवेल घेऊन मी बाथरूमपर्यंत जाणार नाही. त्याला नवा घेऊन द्यावा लागला. म्हणजे चारशेचा शर्ट मला साडेसहाशेला पडला. साडेसहाशेचा चांगला शर्ट त्याच दुकानात, शेजारच्याच हँगरवर होता.

१९ सप्टेंबर.
दोन दिवस कामावर नाही. दात नाही हा, गिरणी आहे. कानापर्यंत चालते. बसवत नाही, झोपवत नाही. खोलीत दारापासून खिडकीपर्यंत आणि परत. भोंगा म्हणाला, प्रेमात पडलेली माणसं अशीच फिरतात. बरोबर बोलला. निम्मं दुखणं प्रेमाचंच आहे.

दोन दिवसांचा पगार गेला आणि वर अटेंडन्स बोनस बाराशे. म्हणजे आठशे वाचवायला मी बाराशे घातले. चूक माझी नाही, व्यवस्थेची आहे. गरिबी हा श्रीमंतांनी करावा असा छंद आहे, आपल्याला तो परवडत नाही. वाक्य चांगलं जमलंय. यावर मी पुस्तक लिहिणार. प्रस्तावना मनात तयार आहे. दुखायचं थांबलं की बसतो.

२१ सप्टेंबर.
टीम लीडरला सहज विचारलं, आपल्या पॉलिसीत दात येतात का रे? आधी हसला. मग आजूबाजूच्या चौघांना बोलावून परत विचारायला लावलं. दात येत नाहीत, म्हणाला. दात हा सौंदर्याचा विषय आहे. माझा डावा गाल तेव्हा पावासारखा फुगला होता.

ॲडव्हान्स मागितला. दिला. अकाउंट्सवाल्यांनी प्रोसेसिंगचे म्हणून दोनशे कापून. माझाच पगार मला देताना.

२३ सप्टेंबर.
झालं! रूट कॅनाल! नाव भारदस्त आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता नुसतं भरून भागणार नाही, कीड दाताच्या नसेपर्यंत गेलीय. तीन सिटिंग, प्रत्येकी पंधराशे, शिवाय वरची कॅप तीन हजार. मी बेरीज केली नाही. इंजेक्शनच्या आधी माणसाने बेरीज करू नये.

ती शेजारी होती. थुंकी ओढायची नळी तिच्या हातात. अर्धा तास! एवढा वेळ तर लोकांचे साखरपुडेही चालत नाहीत. मध्येच तिचं कोपर माझ्या खांद्याला लागलं. तिने काढलं नाही. (खुर्ची अरुंद आहे, पण तरी.)

आत तात्पुरतं सिमेंट भरलंय. त्या बाजूने चावू नका, आठवड्याने या, दुखायचं थांबेल पण काम झालेलं नाही, अर्धवट सोडू नका, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं. मी म्हटलं, मॅडम, अर्धवट सोडणाऱ्यांपैकी मी नाही. निघताना दार जोरात लागलं. आनंदाने.

२४ सप्टेंबर.
'अर्धवट' वरून कॉलेज आठवलं. ते मी अर्धवट सोडलेलं नाही, पूर्ण सोडलंय. परीक्षेच्या फॉर्मची तारीख होती दहा, बाबांच्या हातात पैसे आले वीसला. फीवर दंड. दंड फीपेक्षा जास्त. मी क्लार्कला विचारलं, ज्याच्याकडे दहा तारखेला फी नव्हती, त्याच्याकडे वीसला दंड कुठून येणार? तो म्हणाला, हा प्रश्न सिलॅबसमध्ये नाही. रांगेतले सगळे हसले. मी म्हटलं, ठेवा तुमचं कॉलेज तुमच्यापाशी. दार आपटलं, वरची काच खाली आली. काचेचे पैसे अनामत रकमेतून कापून घेतले. दोन वर्षांची फी, पुस्तकं, बस पास, सगळं त्या दारात राहिलं. पण स्वाभिमान बरोबर आणला. तो मात्र शाबूत आहे.

ताईला हे पटत नाही. ती म्हणते, स्वाभिमान होता तर डिग्री घेऊन आपटायचंस दार.

३० सप्टेंबर.
दात अजिबात दुखत नाही. शांत. मग दुसरं सिटिंग कशाला? ज्या घरातली आग विझली तिथे परत बंब नेतात का? शिवाय ॲडव्हान्स पगारातून कापला जाणार. जाऊ सावकाश.

१ ऑक्टोबर, मंगळवार. दुपार.
तिचा फोन!!

माझं नाव घेतलं. क्षणभर थांबली. मग म्हणाली, क्लिनिकमधून बोलतेय, तुमचं दुसरं सिटिंग राहिलंय, दुखत नाही म्हणून थांबू नका हं. काळजी घ्या.

त्या 'हं' वर मी तासभर विचार केला. बाकीचं कामाचं असेल, मान्य. पण 'हं' कुठल्याच स्क्रिप्टमध्ये नसतं. मी या धंद्यातला माणूस आहे. मला कळतं.

८ ऑक्टोबर, मंगळवार.
परत फोन. तेवढंच बोलली, पण आवाजात हसू होतं. ऐकू आलं. मी म्हटलं, जरा बिझी आहे. ठीक आहे हं, म्हणाली.

आता पेच लक्षात आला. गेलो तर फोन बंद. नाही गेलो तर दर मंगळवारी फोन. आणि पंधराशे तर तसेही नाहीत. म्हणजे न जाण्यात फायदाच फायदा. भोंगा म्हणाला, तू पंधराशे नाहीत म्हणून जात नाहीयेस. मी म्हटलं, तुला प्रेमातलं काय कळतं? तो म्हणाला, प्रेमातलं नाही, पंधराशेतलं कळतं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार.
फोन आला. मी पाच मिनिटं आधीच जिन्यात जाऊन उभा होतो. टीम लीडरने पाहिलं. पर्सनल कॉल ब्रेकमध्ये, म्हणाला. मेडिकल कॉल आहे, म्हटलं. म्हणाला, मग दात दाखव, बघू कुठला. सगळा फ्लोअर हसला.

मी हेडफोन काढून ठेवला. तुझी नोकरी तुला लखलाभ, असं म्हणालो. (मनात अजून बरंच होतं.) दार आपटून निघालो. तसाच खोलीवर आलो आणि तेही दार आपटलं, कारण रस्त्यात राग ओतायला कुठे जागा मिळाली नव्हती. कडी निखळून हातात आली.

१६ ऑक्टोबर.
काकू म्हणाल्या, कडीचे पैसे. मी म्हटलं, कडी जुनी होती. त्या म्हणाल्या, कडी जुनीच होती रे, पण तू नवा होतास. सुतार, कडी, स्क्रू. कॅपसाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून दिले. काल रात्री दाराला खुर्ची लावून झोपावं लागलं, आज ते नको, हा फायदा.

२१ ऑक्टोबर.
ऑफिसने परत बोलावलं. (मी चौकशीला फोन केला होता, तेव्हा बोलावलं.) पण सिस्टिममध्ये मी आता 'न्यू जॉइनी'. पगार फ्रेशरचा, सिनियरपेक्षा दोन हजार कमी, आणि आठवडाभर पुन्हा ट्रेनिंग. आधीचा अर्ध्या महिन्याचा पगार नोटीस न दिल्याबद्दल जमा. त्यांच्याकडे.

ट्रेनर टीम लीडरच. नाव घ्या, दोन श्वास थांबा, हसा, असं तो शिकवत होता. मी पहिल्या बाकावर. मला हे सगळं येतं, म्हटलं. मग हसून दाखव, म्हणाला. हसलो. याने सांगितल्यावर आणि तिने सांगितल्यावर हसण्यात किती फरक असतो.

२९ ऑक्टोबर, मंगळवार.
जेवताना काहीतरी कडक लागलं. तात्पुरतं सिमेंट. निघालं. दातात आता भोक आहे. जीभ दिवसभर तिथेच. आज फोन आला तेव्हा सांगावंसं वाटलं, पण तिला काळजी कशाला. मुद्दाम मोकळं हसून बोललो. ती म्हणाली, थांबू नका हं.

भोकात कापूस बसवलाय. छान बसतो.

४ नोव्हेंबर.
ताईचा फोन. भोंग्याने चुगली केली असणार. म्हणाली, किती लागतील दाताला? मी म्हटलं, काही नकोत. ती म्हणाली, मूर्खा, मी विचारलं नाही, सांगतेय. तासाभरात पैसे आले. सगळे. दोन सिटिंग आणि कॅप. मी पैसे बघतच राहिलो. आता नवा अध्याय. उद्या मंगळवार. तिचा फोन येईल तेव्हा सांगणार, येतोय!

४ नोव्हेंबर. जरा वेळाने.
थँक्यू म्हणायला ताईला फोन केला. बोलता बोलता म्हणाली, तुझ्या भाऊजींना विचारूनच पाठवलेत, ते म्हणाले दे, पोरगं अजून शिकतंय समजायचं.

पोरगं! समजायचं! त्यांनी गाडीचा एक हप्ता पुढे ढकलला म्हणे माझ्यासाठी. मी कुणाचा हप्ता नाही. रागाच्या भरात सगळे पैसे परत पाठवले. ॲपने वर आणखी चार्ज कापला. ताईचा मेसेज: गाढवा. मग दुसरा: दात दुखला की फोन कर. उत्तर दिलं नाही. दोन्ही मेसेज ठेवलेत.

५ नोव्हेंबर, मंगळवार.
फोन आला. बिझी आहे, म्हटलं.

१७ नोव्हेंबर.
चहात टोस्ट बुडवला. धीर धरवला नाही, पुरता मऊ व्हायच्या आत चावला. कड् असा आवाज आला. वाटलं टोस्टचा. हातात घेऊन बघितलं तर टोस्ट अख्खा होता.

अर्धा दात कपाच्या बशीत. दुसरा अर्धा अजून जागेवर, वाकडा. आरशात हसून पाहिलं. नंतर नाही पाहिलं.

संकल्प: कुणासमोर हसायचं नाही. गंभीर चेहरा मला शोभतो.

१९ नोव्हेंबर, मंगळवार.
दुखतंय. खोलीत येरझाऱ्या. भोंग्याने पाण्यात मीठ घालून दिलं आणि दोनशे उसने. ताईला फोन करून बघ, म्हणाला. नाही, म्हटलं. तिच्याकडे मागणार नाही. म्हणाला, ती विचारत होती. मी विचारलं, कुणाला? मला, म्हणाला. रोज विचारते. हे दोनशे तिचेच आहेत. बाकीचेपण आहेत माझ्याकडे. तुझ्या हातात द्यायचे नाहीत, थेट दवाखान्यात भरायचे, अशी तिची अट आहे.

मी दार आपटायला उठलो. जबड्यातून कळ गेली. परत बसलो.

२५ नोव्हेंबर.
ठरलं. उद्या जायचं. घाबरायचं कशाला? पैसे आहेत, दुसरं सिटिंग, तिसरं, वर कॅप, झाला दात. आणि उद्याच तिच्याशी बोलायचं. वाक्य तयार आहे. आरशासमोर तोंडावर हात धरून म्हणून पाहिलं: फोनवर रोज दीडशे लोकांशी बोलतो, पण ऐकावासा आवाज एकच आहे. यात आढ्यताही नाही आणि लाचारीही नाही. नावाआधी थांबायचं. दोन श्वास. शर्ट मरूनच. आता तो फिका गुलाबी आहे, पण तिने मूळ रंग पाहिलाय.

२६ नोव्हेंबर, मंगळवार.
तोंडात कापूस आहे. बोलायचं नाही, म्हणून लिहितो.

डॉक्टरीणबाईंनी दिवा वळवला, पाहिलं, आणि आरसा खाली ठेवला. मूळ उभं चिरलंय, म्हणाल्या. हा आता वाचत नाही, काढावा लागेल. मी विचारलं, मग कॅप? त्या म्हणाल्या, कॅप बसवायला खाली दात लागतो. जखम भरली की ब्रिज करता येईल. शेजारचे दोन चांगले दात घासायचे आणि तिन्हींवर मिळून पूल. बारा हजार. पहिल्या दिवशी आठशे होते, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणायला हवं होतं. मला भांडता आलं असतं.

इंजेक्शन दिलं आणि बधिर व्हायला थांबा म्हणून त्या आत गेल्या. मी उताणा, आ वासून. पलीकडे काउंटरवर ती. फोन लावत होती. मंगळवार.

तिने कुणाचं तरी नाव घेतलं. थांबली. दोन श्वास. मग: क्लिनिकमधून बोलतेय, तुमचं दुसरं सिटिंग राहिलंय, दुखत नाही म्हणून थांबू नका हं. काळजी घ्या.

फोन ठेवला. दुसरा लावला. नाव. दोन श्वास. थांबू नका हं. मग तिसरा. हसू ऐकू येत होतं. मी मान वळवून पाहिलं, मास्कच्या वर डोळे अजिबात हसत नव्हते, यादीत पुढचा नंबर शोधत होते. 'हं' प्रत्येक वेळी त्याच जागी. मला काही म्हणायचं नाही. मीसुद्धा रोज दीडशे लोकांवर असंच प्रेम करतो.

दात निघाला. ट्रेमध्ये अगदीच छोटा दिसत होता. एवढ्याशा वस्तूवर मी चार महिने, एक पगारवाढ आणि भाऊजींचा गाडीचा हप्ता घातला.

मग काउंटर. ताईचे पैसे भोंग्याने सकाळीच येऊन भरले होते. काढायचे पाचशे वजा करून उरलेले तिने मोजून माझ्या हातात ठेवले. दुसऱ्या हाताने मास्क खाली ओढून ती ग्लासातलं पाणी प्यायला लागली. दुपारपासूनचं पहिलंच पाणी असावं. मी वाक्य म्हणायला गेलो. तोंडात कापूस, ओठ बधिर. बाहेर काय पडलं ते मला लिहिता येणार नाही. एखादा फुगा हळूहळू सुटावा तसं काहीतरी.

ती हसली. खरं हसली, डोळ्यांनीसुद्धा. हात नेहमीसारखा तोंडाकडे निघाला, पण हातात ग्लास होता, पोचला नाही.

वरच्या बाजूला, सुळ्यामागे, दात नव्हता. माझा डावा, तिचा उजवा.

मी पाहिलं हे तिने पाहिलं. ग्लास ठेवला. माझाही असाच गेला, म्हणाली. पहिलं सिटिंग केलं, दुखायचं थांबलं, म्हटलं पुढच्या पगाराला करू. इथे लागायच्या आधीची गोष्ट.

मी काउंटरवरच्या रेट कार्डावर बोट ठेवलं. ब्रिज. मग भुवया वर केल्या. एवढंच करता येत होतं.

म्हणाली, मॅडम देतात की करून, पगारातून कापून. पण मग भाडं कशातून देऊ? आठवड्याने द्यावं लागतं आमच्याकडे.

मी मान हलवली. एवढ्या दिवसांत तिला माझ्याकडून मिळालेलं हे पहिलं खरं उत्तर असावं. मग तिने मास्क वर घेतला आणि सूचना दिल्या: तासभर कापूस काढायचा नाही, आज गरम काही नको, बोलायचं नाही, आणि जखम भरल्यावर ब्रिजसाठी यायचं, थांबायचं नाही. इथे ती थांबली. 'हं' म्हणाली नाही. नुसतंच म्हणाली, जमलं तर.

मी दाराशी आलो. चिठ्ठी तीच, 'दार ओढून घ्या'. मागे तिने पुढच्या पेशंटला आत बोलावलं. त्यालाही ती हसा बघू म्हणते का, हे ऐकायला मी थांबलो नाही. बाहेर पडलो. जबडा ठणकत होता, म्हणून दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि दार ओढून घेतलं. हळू. काच हललीसुद्धा नाही.